गोऱ्यांना मुसफ्फा मानवेल का?

आमच्या एचआरमध्ये माणूस नोकरी सोडून गेला की आठवड्याभरात त्याची फाइल बंद होते. व्हिसा कॅन्सल, आयडी जमा, सह्या झाल्या, खलास. पण त्याचा किस्सा काही कपाटात जात नाही. तो चहाच्या वेळी निघतो, लिफ्टमध्ये निघतो, नवा माणूस जॉइन झाला की तर हमखास निघतो. सोळा वर्षांत माझ्याकडे इतके साठलेत की नवरा म्हणतो, तुझं प्रत्येक बोलणं ‘आमच्याकडे एक गोरा होता’ इथूनच सुरू होतं.

त्याचं खरं आहे. अबुधाबीच्या कडेला मुसफ्फा नावाचा औद्योगिक भाग आहे. गॅरेजेस, गोदामं, ट्रक आणि धूळ. तिथे आमची इंजिनिअरिंग कंपनी आहे आणि तिचे निम्मे इंजिनिअर युरोपातून येतात. त्यांना उतरवून घेणं, घर, बँक, मुलांची शाळा हे माझं काम. व्हिसा, मेडिकल, आयडी यासाठी सरकारी ऑफिसांच्या खेपा घालायच्या त्या यासीनभाईंनी. इकडे त्या पदाला पीआरओ म्हणतात. यासीनभाई रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावचे, माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, तरी मला ताई म्हणतात.

या कामात मला एकच गोष्ट छळते. माझ्या एक्सेल शीटमध्ये एक कॉलम आहे. प्रत्येक नव्या माणसापुढे तीन महिन्यांच्या आत लिहायचं, हा पळून जाण्याची शक्यता किती. लो, मीडियम की हाय. म्हणजे याला इथलं मानवेल का, ते मी चिंचवडच्या बाईने सांगायचं. ‘लो’ लिहिलेला माणूस पळाला की मला वरून बोलावणं येतं.

*

ग्रॅहम स्कॉटलंडचा. त्याला आम्ही जुलैत आणला, ही चूक आमचीच. हॉटेलपासून ऑफिस अडीच किलोमीटर. मी सांगितलं, साडेसातला ड्रायव्हर येईल. तो म्हणाला, गरज नाही, मी चालत येईन, आमच्याकडे मी डोंगर चढतो. मी उन्हाचं सांगून पाहिलं. दुसऱ्याच्या मावशीने स्वेटर घाल म्हटल्यावर माणूस जसा हसतो, तसा तो हसला.

साडेआठ झाले, माणूस नाही. नऊ झाले, फोन उचलत नाही. आदल्याच दिवशी मी त्याच्याकडून बायकोचा नंबर लिहून घेतला होता, ‘काही झाल्यास कळवण्यासाठी’. आता तो कागद माझ्यासमोर होता आणि मला त्याकडे बघवत नव्हतं. शेवटी यासीनभाईंनी किल्ली उचलली. आम्ही गाडी हळूहळू चालवत रस्त्याच्या दोन्ही बाजू बघत निघालो. फुटपाथ असा नाहीच, नुसती वाळू आणि उभे ट्रक. मी प्रत्येक ट्रकच्या सावलीत वाकून बघत होते.

एका टायरच्या दुकानात तो सापडला. टायरच्या चवडीवर बसला होता, बूटमोजे काढलेले. पंक्चर शोधायला ट्यूब बुडवतात त्या टबात त्याचे दोन्ही पाय. दुकानाचा मालक पठाण त्याच्या डोक्यावर ओलं फडकं धरून उभा होता आणि हातात ताकाची बाटली देत होता. ग्रॅहमचा चेहरा बिटासारखा झाला होता. मला बघून त्याला बरं वाटलं असावं. त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, “अंजली, इथे साधारण कितीला थंड होतं?”

यासीनभाई म्हणाले, “नोव्हेंबरला, सर.”

*

हेन्ड्रिक हॉलंडचा, पन्नाशी ओलांडलेला. तिकडचं घर विकून आला होता. बायको सामान बांधून तयार, इकडून फोन गेला की निघणार. आणि व्हिसाच्या मेडिकलमध्ये त्याच्या छातीच्या एक्स-रेवर एक डाग निघाला.

हा डाग म्हणजे काय ते गल्फमध्ये राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. छातीचा आजार, म्हणजे टीबी, निघाला तर नव्या माणसाला व्हिसा नाही, परत जायचं. हेन्ड्रिक म्हणाला, लहानपणी न्यूमोनिया झाला होता, तेव्हाचा असेल. पण ते कागदाला कसं कळणार? त्याला थुंकीच्या तपासणीला परत बोलावलं, ओळीने तीन दिवस.

पहिली टेस्ट व्हीआयपी काउंटरला झाली होती, सोफा आणि कॉफी. परत बोलावलेल्यांना मात्र एकच हॉल. नेपाळी, बंगाली, केरळी, पाकिस्तानी कामगार, सगळ्यांच्या हातात तसाच कागद, आणि मध्ये हा सहा फुटी डच माणूस. यासीनभाई तिन्ही दिवस त्याच्याबरोबर बसले. तिसऱ्या दिवशी मीही गेले. हेन्ड्रिक सारखा तो कागद घडी करत होता, उघडत होता. मला म्हणाला, आजवर मी चाळीस देश फिरलो, कुठेही पासपोर्ट दाखवला की दार उघडायचं. आपण कुठे राहायचं ते दुसरा कोणी ठरवणार, हे मला पहिल्यांदाच कळतंय.

माझा आणि नवऱ्याचा व्हिसा दर दोन वर्षांनी रिन्यू होतो. त्या एक्स-रेच्या आदल्या दिवशी मला साधा ठसका लागला तरी नवरा माझ्याकडे बघतो.

हेन्ड्रिकच्या शेजारी एक नेपाळी सुतार बसला होता, चाळिशीचा. तो हिंदीत यासीनभाईंना म्हणाला, साहेबांना सांगा घाबरू नका, मला मागच्या वेळी दोनदा बोलावलं होतं, तरी पास झालो. यासीनभाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. हेन्ड्रिकने त्या माणसाचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. दोघं शेजारी शेजारी तसेच बसून होते, एकमेकांची भाषा येत नसताना.

पुढे निकाल यायला अडीच आठवडे गेले. त्या अडीच आठवड्यांत हेन्ड्रिकचं वजन उतरलं, माझंही उतरलं असतं तर बरं झालं असतं. एका सकाळी यासीनभाईंच्या फोनवर मेसेज आला. फिट. मी धावत त्याच्या टेबलाशी गेले. तो उठून उभा राहिला, डोळे पुसले, बायकोला फोन लावायला मोबाइल हातात घेतला आणि मध्येच थांबला.

“आणि तो सुतार?”

मी यासीनभाईंकडे बघितलं. यासीनभाईंनी माझ्याकडे. त्याचं नाव आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

*

फिओनाचा किस्सा मी सगळ्यांना सांगत नाही. तुम्हाला सांगते.

ती इंग्लंडमध्ये एका शाळेची मुख्याध्यापिका होती. नवरा मार्टिन आमच्याकडे प्रोजेक्ट मॅनेजर, तीन आठवडे समुद्रातल्या बेटावर आणि एक आठवडा घरी. फिओना त्याच्या व्हिसावर आली. आल्यावर महिन्याभराने ती माझ्या टेबलापाशी आली आणि व्हिसाचा कागद समोर ठेवला. व्यवसायाच्या जागी ‘हाउसवाइफ’ लिहिलं होतं. तिने शांतपणे विचारलं, हे कोणी ठरवलं? मी म्हटलं, कॉम्प्युटरने, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या सगळ्यांना तेच येतं. मग सांगून टाकलं, की माझ्या व्हिसावरही चार वर्षं तेच होतं. मी एमएस्सी केमिस्ट्री, पुण्यात कॉलेजात शिकवत होते.

त्यावर ती खुर्ची ओढून बसली. मग दर मंगळवारी यायला लागली. मी काम करायची, ती बसायची. तिच्या घराभोवती चालत जाता येईल असं काही नव्हतं. मैत्रिणी झाल्या की त्यांच्या नवऱ्यांची बदली व्हायची. एकदा तिने विचारलं, त्या चार वर्षांत तू काय केलंस? मी खूप आठवून पाहिलं. मला फक्त आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घराची गॅलरी आठवली, आणि समोरचा वॉचमन कपडे कधी वाळत घालतो ते.

डिसेंबरच्या सुट्टीचं तिकीट काढायची वेळ आली, तेव्हा ती नेहमीसारखी बसली आणि म्हणाली, माझं एकाच बाजूचं काढ. मार्टिनला अजून सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मार्टिनच्या नावापुढे मी ‘लो’ लिहिलं होतं. पण त्या क्षणी मला शीट आठवलं नाही. मला तिचा रागही आला आणि हेवाही वाटला. मी म्हटलं, कंपनीच्या नियमात जाण्यायेण्याचंच निघतं. ते खोटं होतं. तिला ते कळलं असावं. मी परतीची तारीख फेब्रुवारीची टाकली.

ती गेली. जानेवारीत मार्टिन एकटा आला. टेबलाशी उभं राहून त्याने विचारलं, तुला ती काही बोलली होती का? मी नाही म्हटलं. तो दिवसभर सही करायच्या कागदांकडे नुसता बघत बसला. त्यानंतर तो समोरून आला की मी प्रिंटरकडे वळायची.

आणि फेब्रुवारीत फिओनाने परतीचं तिकीट वापरलं. ती आली असं कळल्यावर मला काय आनंद झाला. मी ऑफिसच्या दारात तिला मिठी मारली. तिने बॅगेतून एक यादी काढली, लसीकरण, चिप, आरोग्याचा दाखला. ती मांजर न्यायला आली होती.

मांजरीचे कागद यासीनभाईंनी केले. विमानाचं भाडं ऐकून ते म्हणाले, “चार हजार दिरहॅम. म्हणजे नव्वद हजार रुपये. ताई, माझी अम्मी अजून गावाहून मुंबईला बोटीनं आल्याचं सांगते.” पुढे एक अडचण निघाली. मांजर मार्टिनच्या नावावर होती. तिला देशाबाहेर न्यायला मालकाची एनओसी हवी. तो कागद मीच टाइप केला आणि मीच बेटावर मेल केला.

दहा मिनिटांत सही होऊन परत आला. खाली एका ओळीत लिहिलं होतं, हिला डब्यातला ट्यूना मासा पाण्यातला लागतो, तेलातला नाही.

*

एकदा मोठा प्रोजेक्ट थांबला. आमचा रीजनल मॅनेजर स्टुअर्ट मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, अकरा जण कमी करायचेत, नावं मी सांगतो, तू टाइप कर, कोणाला बोलू नकोस. पहिलं नाव सांगायच्या आधी तो पाणी प्यायला. तेवढ्या वेळात मी माझं घरभाडं, मुलीची बारावी, नवऱ्याच्या कंपनीतल्या अफवा, सगळं मनात फिरवून आले. माझं नाव नव्हतं. यासीनभाईंचंही नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि बाकीची नावं टाइप करताना त्या हायसं वाटण्याची लाज वाटत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून एकेकाला आत बोलावलं. स्टुअर्ट प्रत्येकाला तेच सांगायचा. व्हिसा कॅन्सल झाल्यावर किती दिवसांत देश सोडायचा, घर, गाडी, मुलांची शाळा कशी उरकायची. म्हणायचा, घाबरू नका, अंजलीला सगळी प्रोसिजर माहीत आहे. अकरा वेळा त्याने हे वाक्य म्हटलं. सहाव्या माणसाला ते वाक्य त्याच्या आधी पाठ होतं. तो आत येतानाच म्हणाला, अंजलीला माहीत आहे ना, मग मी तिकडेच जातो.

गुरुवारी हेड ऑफिसने मंजूर झालेली यादी परत पाठवली. मी नावं जुळवून बघायला लागले. आमच्या यादीत अकरा होती, त्यांच्या यादीत बारा.

मी प्रिंट घेऊन आत गेले. स्टुअर्टने ती वरपासून खालपर्यंत वाचली. चष्मा काढून पुसला, परत खालची ओळ वाचली. एकोणीस वर्षं होता तो इथे. मुलं इथेच जन्मली होती.

“अंजली,” तो म्हणाला, “प्रोसिजर तीच ना?”

*

मार्ता पोलंडची, सत्तावीस वर्षांची, एकटी. हिच्यापुढे मी ‘हाय’ लिहिलं होतं आणि हीच टिकली. टॅक्सीवाल्यांकडून हिंदी शिकली, गणपतीला आमच्या घरी येऊन तिखट मिसळ खाल्ली.

एकदा आसपासच्या देशांत तणाव वाढला आणि काही तास विमानं थांबली. ऑफिसात कोणी काम करेना. ब्रिटिश आणि जर्मन मंडळी मला विचारत होती की कंपनीचा इव्हॅक्युएशन प्लॅन काय आहे. माझ्याकडे आगीच्या वेळी कुठल्या जिन्याने उतरायचं तेवढाच प्लॅन होता. मी घरी मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “आई, रिलॅक्स, इट्स जस्ट न्यूज.” यासीनभाईंनी गाडीत पेट्रोल भरून आणलं. कुठे जायला, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी जिन्यात आईशी बोलायला गेले, तर तिथे मार्ता तिच्या आईशी बोलत होती. दोघी चार पायऱ्यांच्या अंतरावर बसून आपापल्या भाषेत तेच तेच बोलत होतो. फोन ठेवल्यावर मी विचारलं, आई परत बोलावते का? मार्ता म्हणाली, “नाही. खिडक्या लाव म्हणाली. तुझी?”

माझी आई म्हणाली होती, गॅसचं बटण बघ.

*

आता पीटरचं सांगते.

पीटर आमचा सर्व्हेअर, सदुसष्ट वर्षांचा इंग्रज. चौतीस वर्षं इथे. नव्या गोऱ्यांना धीर द्यायचा झाला की आम्ही पीटरकडे बोट दाखवायचो, बघा, यांना कसं मानवलं. बायको फार पूर्वी सोडून गेली होती. ऑफिस, घर, आणि शुक्रवारी यासीनभाईंबरोबर मासळी बाजार, एवढंच त्याचं आयुष्य. मग कंपनीने वयाच्या नियमावर बोट ठेवलं आणि त्याचा व्हिसा पुढे वाढवायला नकार दिला. इथे निवृत्तांसाठी वेगळा व्हिसा मिळतो, पण त्याच्या अटी त्याला जमण्यासारख्या नव्हत्या.

जाणाऱ्याला कंपनी मायदेशाचं तिकीट देते. मी फॉर्म काढला. चौतीस वर्षांपूर्वी कोणीतरी पेनने ‘होम एअरपोर्ट : मँचेस्टर’ लिहिलं होतं. मी विचारलं, हेच ठेवू ना?

पीटर म्हणाला, तेव्हा तिथे आई होती.

आता कोण आहे, असं विचारल्यावर त्याने बोटं मोजली. आई गेली. बहीण स्पेनला राहायला गेली. मुलगी कॅनडात, तिच्याशी ख्रिसमसला बोलणं होतं. त्याने मला दोन दिवस मागितले. सोमवारी आला तेव्हा यासीनभाई माझ्या टेबलाशी बसले होते. पीटरने त्यांना विचारलं, तू सुट्टीला जातोस तेव्हा घ्यायला कोण येतं?

यासीनभाईंनी सांगायला सुरुवात केली. दोन भाऊ, मेव्हणा, भाच्या, शेजारचा रिक्षावाला. मुंबईच्या एअरपोर्टवर दोन गाड्या उभ्या असतात, एक माणसांना आणि एक उगाच. पीटर मन लावून ऐकत होता, नावंसुद्धा विचारत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मँचेस्टरच लिही. फक्त गर्दीच्या वेळेला पोचणारं विमान बघ. बाहेर खूप माणसं असली की कोणाला घ्यायला कोण आलंय ते कळत नाही.”

मी दुपारी साडेबाराला पोचणारं विमान घेतलं. संध्याकाळी यासीनभाई आले आणि त्यांनी तिकिटाचा फोटो मागितला. मी दिला. निघताना बघितलं तर ते पार्किंगमध्ये फोनवर बोलत होते, आमच्या ऑफिसात कधी बोलत नाहीत त्या त्यांच्या गावाकडच्या बोलीत, मोठ्या आवाजात. मला एवढंच ऐकू आलं, “बेबी, पाटीवर नाव मोठा लिही. त्याला लांबचा दिसत नाय.” बेबी म्हणजे त्यांची मावसबहीण, लग्न होऊन पंचवीस वर्षं मँचेस्टरजवळ राहते.

पीटरला एअरपोर्टवर यासीनभाईंनीच सोडलं. आल्यावर मला एवढंच म्हणाले की त्याची एकच बॅग होती.

त्या दिवशी दुपारी चहाला आम्ही दोघंच होतो. यासीनभाई दर मिनिटाला मोबाइल उलटा-सुलटा करत होते. चार वाजून गेले, म्हणजे तिकडे एक, आणि मेसेज वाजला. त्यांनी वाचला, चष्मा लावून परत वाचला आणि फोन माझ्यापुढे धरला. पीटरचा होता.

“यासीन, बाहेर एक बाई, तिचा नवरा आणि दोन मुली माझ्या नावाची पाटी घेऊन उभ्या आहेत. म्हणतात, तुम्हाला घरी न्यायला आलोय. मी यांना ओळखतो का?”

यासीनभाईंनी बराच वेळ टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं. मग सगळं पुसून एकच शब्द पाठवला.

“येस.”